सत्तेचाळीस दिवसांचा गाळ

सोमवार, ९ जून २०२५

निवृत्त होऊन पाच वर्षं झाली आणि आज परत नदीत उतरलो! गुडघ्याएवढंच पाणी. पण पायाला ती ओळखीची ओढ लागली आणि लय बरं वाटलं.

माया नावाची मुलगी आहे. आटपाडीकडची, घरची मेंढरं. आता सांगलीला कॉलेजात संशोधन करते. विषय — येरळेतला गाळ. वरच्या अंगाला डोंगर फोडून खडीची अन् कृत्रिम वाळूची क्रशर झालीत. ती वाळू धुतलेलं पाणी ओढ्यातून नदीत येतं. किती गाळ येतो ते तिला मोजायचंय. कुणीतरी सांगितलं, वडूजात रसूल मुलाणी म्हणून आहेत, चौतीस वर्षं सरिता मापन केंद्रावर होते. आली शोधत.

केंद्र म्हणजे काय — पाण्यात रोवलेली पट्टी, काठावर एक खोली, आणि मी. रोज सकाळी पाण्याची उंची बघायची, बाटलीत पाणी घ्यायचं, गाळायचं, राहिलेला गाळ वाळवून तोलायचा, रजिस्टरात लिहायचं. बस्स.

तिनं बाटली सरळ बुडवली. म्हटलं, अशी नाही बाळ. तोंड प्रवाहाकडं. आणि आपण बाटलीच्या खालच्या अंगाला उभं राहायचं, नाहीतर आपल्याच पायानं उठलेला गाळ मोजत बसशील.

हसली. "चाचा, हे पुस्तकात नाही."

गुरुवार, १२ जून

रंगुबाईच्या विहिरीवर गेलो. नदीच्या काठालाच विहीर, वीस-बावीस फूट. तिच्या सत्तर मेंढरांचं अन् वस्तीवरच्या सहा घरांचं पाणी त्यावरच. प्रांताकडं क्रशरची तक्रार पहिली तिनंच दिली.

"नदीत पानी दिसतंय न्हवं? मग हिरीत का उतरंना?" मलाच विचारत होती, जणू मीच अडवलंय. "मेंढरं तोंड लावत्यात आन् मागं फिरत्यात. आता मी बोअरचं पानी कुठनं आणू?"

नदीचा तळ उकरून बघितला. वर बोटभर राखाडी थर, मैद्यासारखा. दगडाचं पीठ. खालच्या वाळूची सगळी भोकं त्यानं बुजलीत. पाणी वरून जातंय, खाली मुरत नाही. माया म्हणाली, तळाला प्लास्टर केल्यासारखं झालंय.

सोमवार, १६ जून

तीन जागी रोज बाटल्या. ओढा मिळतो त्याच्या वर, खाली, आणि विहिरीपाशी. वर ०.४ ग्रॅम. खाली ३.४! लिटरला जवळजवळ साडेतीन ग्रॅम दगड. तेही पाऊस नसताना.

मंगळवार, २४ जून

आज लिहायला नको वाटतंय. पण लिहितो.

माया खात्यातून माझी जुनी रजिस्टरं घेऊन आली. झेरॉक्स. सगळी चौतीस वर्षं! क्रशर यायच्या आधी नदी कशी होती, हे तिला दाखवायचंय, आणि ते फक्त माझ्या रजिस्टरात आहे. "चाचा, एक दिवस खाडा नाही. खाडाखोड नाही. काय अक्षर आहे तुमचं!" बायकोनं, महेजबीननं चहा आणला तर तिलाही दाखवलं.

मग २००७ सालचं पान काढलं. ११ जुलैपासून पुढं. म्हणाली, इथं काय झालं होतं चाचा? रोज तीन, सव्वातीन, साडेतीन ग्रॅम. आणि वडूजला तर त्या दिवसांत पाऊसच नाही.

मी म्हटलं, वरच्या अंगाला झाला असेल.

तिनं तसं लिहून घेतलं. वरच्या अंगाला पाऊस — रसूलचाचा. माझ्या नावानिशी!

बुधवार, २५ जून

त्या सत्तेचाळीस दिवसांत मी नदीवर नव्हतोच.

लेक समीना तेव्हा पाच वर्षांची. मेंदूज्वर. मिरजेला दवाखान्यात. पावसाळ्यात आमच्या खात्यात रजा नसते, मागितली तर साहेब म्हणाले, बदली माणूस कुठनं आणू? मग रजिस्टर पिशवीत घालूनच मिरज गाठली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून रोज एक ओळ लिहायचो. आठवड्याला एकदा पाहुण्याच्या हाती तक्ता ऑफिसला. मिरजेला तेव्हा धो धो पाऊस. मला वाटलं इथंही असेल, नदी गढूळ असेल. म्हणून तीन, साडेतीन. इथं मात्र सगळं कोरडं होतं. परत आलो तर पट्टीच्या बुडाशीसुद्धा पाणी नव्हतं.

कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणी बघतच नव्हतं ती रजिस्टरं.

ते खोटं लेकरासाठी होतं. कालचं कुणासाठी?

शनिवार, २८ जून

समीना आली सुट्टीला. आता तेवीस वर्षांची. सांगलीला रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. मायाच्या बाटल्या बघून खूश. दोघी एका वयाच्या, लगेच जमलं त्यांचं. मशिनीचं काहीतरी बोलत होत्या. मग समीना म्हणाली, "आमच्याकडं एकीनं घाईत एक आकडा मनानं लिहिला. दुसऱ्या दिवशी तिला काढून टाकलं. बरोबरच केलं — त्या आकड्यावर डॉक्टर औषध देतो."

मी उठून बाहेर गेलो. उगंच.

मंगळवार, १५ जुलै

आप्पासो आला होता. वाळू धुवायचा प्लँट त्याचा. आम्ही सातवीपर्यंत एका वर्गात. माणूस वाईट नाही. चाळीस माणसांना काम देतो.

हातात कागद. माहिती अधिकारात काढलेला. बघितल्याबरोबर ओळखलं — २००७.

"रसूलभाई, हे तुमीच लिवलंय न्हवं? सरकारी नोंद हाय. त्या टायमाला हितं एक क्रशर न्हवतं. तरी साडेतीन ग्रॅम! म्हंजी नदी पयल्यापास्नंच गढूळ. मग आमच्यावर का बिल फाडताय?"

मी कागद उलटा करून ठेवला.

"प्रांतसाहेबांपुढं सुनावणी हाय एकोणीस ऑगस्टला. तुमी काय बी इकडंतिकडं बोलू नका. फकस्त एवढंच सांगा — सही माझी हाय. खरं तेवढंच सांगायचं."

सही माझीच आहे! खोटं बोलायची गरजच नाही. त्यानं चहा घेतला, पाठीवर थाप मारली आणि गेला.

बुधवार, १६ जुलै

जेवण जात नाही.

रविवार, २० जुलै

महेजबीनला सांगितलं. (घरात आम्ही आपलं दखनी बोलतो, वहीत पहिल्यापासून मराठी. शाळेची सवय.) भाकरी थापता थापता ऐकत होती. मला वाटलं, हादरेल.

म्हणाली, "मला काय नवीन सांगताय? माझ्या डोळ्यांपुढंच तर लिहीत होता. पोरीच्या तोंडात मी पाणी सोडायची अन् तुम्ही बाकावर नदी भरायचा."

अठरा वर्षं तिला ठाऊक!

"मग कधी बोलली नाहीस?"

"तेव्हा बोलून काय करायचं होतं? तेव्हा कुणाचं पाणी अडलं नव्हतं. आता अडलंय. आता बोला."

खात्याची भीती होती. पेन्शन बंद केली तर? जुन्या ऑफिसातल्या एका क्लार्कला फोन केला, दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं. तो हसला. म्हणाला, निवृत्तीनंतर इतक्या जुन्या गोष्टीची चौकशी लावता येत नाही मुलाणी, तुमच्या त्या 'दुसऱ्याला' शांत झोपायला सांगा!

एक ओझं उतरलं. पण ते हलकं होतं. जड अजून आहेच.

रविवार, ३ ऑगस्ट

दोन आठवडे रोज ठरवत होतो. आज मायाला सांगितलं. नदीवरच. बाटलीला बूच लावत होती.

ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती दिवस?"

"सत्तेचाळीस."

"बाकीचे?"

"बाकीचे खरे आहेत, बाळ."

"ते मी कसं मानू चाचा?"

ती बाटल्या पिशवीत भरून गेली. रोजच्यासारखं "चाचा, येते" म्हणाली नाही.

गुरुवार, ७ ऑगस्ट

फोन नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

तरीपण तिन्ही जागच्या बाटल्या घेऊन ठेवल्या. तारीख, वेळ टाकून. घ्यायच्याच.

मंगळवार, १२ ऑगस्ट

आली! सकाळी सकाळी दारात. बरोबर दोन गडी, टिकाव, खोरं, पाटी. नमस्कार-चमत्कार काही नाही. "चाचा, चला. तुमच्याशी नाही, नदीशी बोलायचंय."

केंद्राच्या खाली जुना दगडी बंधारा आहे, त्याच्या पोटात गाळ साठतो. कडेला पाणी हटलेलं. तिथं उभा खड्डा घेतला. पुरुषभर. एक बाजू खुरप्यानं गुळगुळीत तासली, आणि बघतोय तर काय — थरावर थर! दर पावसाळ्याचा एक. वर सव्वा फूट नुसतं राखाडी, क्रशरचं. त्याच्याखाली काळपट, तांबूस, परत काळपट, आमच्या नेहमीच्या मातीचे.

माया खड्ड्यात, मी वर माझ्या रजिस्टरांची झेरॉक्स घेऊन. ती म्हणाली, तुम्ही आधी सांगायचं, मी मग मोजणार.

एका थरात दुधाची पिशवी सापडली. छापलेली तारीख अजून दिसत होती — २०११! तिथून मागं मोजत गेलो. मी म्हटलं, २०१० मध्यम. ती — दोन बोटं. मी म्हटलं, २००९, ऑक्टोबरचा पूर, इथं जाड असणार, वीतभर. तिनं थर झाडला. मग पट्टी लावली. "वीतभरच आहे चाचा." २००८ बारीक. बरोबर.

मग २००७. माझ्या रजिस्टराप्रमाणे हातभर पाहिजे.

नखाएवढा!

पुढं २००६ परत जाड. २००५ जाड. २००३ दुष्काळी, दिसतो न दिसतो. असंच खाली, माझ्या पहिल्या सालापर्यंत. सगळे जुळले. एक सोडून सगळे! माया खड्ड्यातून वर बघत होती. तोंडभर माती. म्हणाली, "नदीनं तुमची चौतीस वर्षं खरी ठरवली. सत्तेचाळीस दिवस सोडून."

मी झेरॉक्स नीट गुंडाळली आणि तिला वर यायला हात दिला.

बुधवार, १३ ऑगस्ट

माया म्हणाली, आता २००७ वगळून अहवाल द्यायचा, आणि का वगळलं तेही लिहायचं. तुमचं नाव घालू का नको?

म्हटलं, घाल. बाकीच्या पानांवर आहे की.

सोमवार, १८ ऑगस्ट

महेजबीननं पांढरा सदरा इस्त्री करून ठेवलाय. ईदला ठेवते तसा.

मंगळवार, १९ ऑगस्ट

झाली सुनावणी! सगळं सविस्तर लिहितो, विसरायच्या आत.

खोली भरलेली. रंगुबाई पहिल्या रांगेत, काठी घेऊन. आप्पासो अन् त्याचे वकील पलीकडं. मायानं आधी आताचे आकडे वाचले. मग वकील उठले, २००७ चा कागद प्रांतसाहेबांपुढं ठेवला. नदी मुळात गढूळ होती, शासनाचीच नोंद आहे, लिहिणारे गृहस्थ इथं बसलेत. मला उभं केलं.

"ही सही तुमची?"

"माझी."

"हे आकडे तुम्हीच लिहिलेत?"

"मीच."

ते साहेबांकडं वळले, झालं म्हणून. मी बसलोच नाही. म्हटलं, "आकडे माझे आहेत साहेब. नदीचे नाहीत."

वकील परत माझ्याकडं वळले. मग सांगितलं. घरी आजारपण होतं, मी मिरजेला होतो, सत्तेचाळीस दिवस अंदाजानं लिहिलं, चुकलो.

वकिलांनी बरोबर तिथंच धरलं. "म्हणजे हा माणूस स्वतःच्या तोंडानं खोटारडा म्हणतोय स्वतःला! मग याची बाकीची रजिस्टरं, आणि यानं आता घेतलेल्या बाटल्या, कशावरून खऱ्या?"

म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवूच नका साहेब. बंधाऱ्यात खड्डा अजून उघडा आहे. तिथं बघा."

प्रांतसाहेब तरणे आहेत. घड्याळ बघितलं, उठले, म्हणाले, चला! सगळी वरात बंधाऱ्यावर. साहेब बूट काढून खाली उतरले. मायानं एक एक थर दाखवला. वरचा राखाडी थर त्यांनी स्वतः चिमटीत घेऊन चोळला. मग आप्पासोला म्हणाले, "हे तुमच्या प्लँटचं आहे का नाही, एवढं बोला."

आप्पासोनं बघितलं. "हाय साहेब."

हुकूम — धुण्याचं पाणी ओढ्यात सोडायचं बंद. तीन टाक्या बांधायच्या, गाळ बसवायचा, निवळ पाणी परत प्लँटलाच वापरायचं. तोवर खडी चालू, वाळू धुणं बंद. तळावरचा थर नदीतून काढून द्यायचा, रंगुबाईच्या विहिरीपासून सुरुवात. चाळीस माणसांचं कामही गेलं नाही. मला त्याचीही धाकधूक होती.

वर येताना आप्पासो शेजारून चालला. "रसूलभाई, गाळात घातलंसा मला!" दोन पावलं गेल्यावर परत म्हणाला, "पर लबाड न्हाई बोललासा. टाक्या कशा बांधायच्या ते तरी सांगायला या."

रंगुबाई काठी टेकत जवळ आली. माझ्या डोक्यावरची टोपी वाकडी झाली होती, ती नीट केली तिनं.

घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

बुधवार, २० ऑगस्ट

कुणीतरी सुनावणीचा व्हिडिओ फिरवला. समीनाचा फोन.

"अब्बा, ते सत्तेचाळीस दिवस माझे होते का?"

मी म्हटलं, हो.

मग म्हणाली, "मी त्या दिवशी लॅबमधल्या पोरीचं बोलले, तेव्हा तुम्ही उठून गेला होता."

"बरोबरच बोललीस."

"बरोबर बोलले. पण अब्बा... तुम्ही तिथं नसता तर मला कुणी उचललं असतं तपासायला नेताना? मला ते बाकडं आठवतंय. हिरवं होतं. तुमचं पेन आठवतंय."

मला वाटत होतं, तिला काही आठवत नसेल. पाच वर्षांची होती. फोन कुणी ठेवला, कळलं नाही.

सोमवार, १ सप्टेंबर

आप्पासोच्या टाक्यांचे खड्डे झाले. गेलो होतो. उतार चुकीचा धरलेला, बदलून घेतला. त्यानं तोंड वाकडं केलं, पण बदलला.

बुधवार, १० सप्टेंबर

रंगुबाईच्या विहिरीपुढचा तळ खरवडून झाला, पन्नास फूट. खालची वाळू उघडी पडली. पिवळी, भरड. मी तिच्यावर नुसता बसून राहिलो.

शनिवार, १३ सप्टेंबर

विहिरीत हातभर पाणी चढलं! रंगुबाईनं फोन लावायला शेजारणीला लावलं, आणि फोनवर बोलायचं सोडून बादली आत सोडल्याचा आवाज ऐकवला.

मंगळवार, २३ सप्टेंबर

तिन्ही टाक्या चालू. तिसरीतून येणारी बाटली तपासली — ०.३. दोनदा तपासली. मायानं तिसऱ्यांदा. ०.३! वरच्या नदीपेक्षा निवळ. आप्पासो म्हणतो, आता हेच पाणी पितो का बघा. पिऊ नको म्हटलं, एवढंही नको!

माया जाताना म्हणाली, "चाचा, येते."

गुरुवार, २ ऑक्टोबर

बाळासोचा फोन आला. येरळेवरच आमच्या खालचं केंद्र त्याचं होतं, सांगलीच्या हद्दीतलं. खात्यात सगळ्यात काटेकोर म्हणून त्याचं नाव. माझे आकडे शंकास्पद वाटले की मी नेहमी त्याचे मागवून ताडून बघायचो.

म्हणाला, व्हिडिओ बघितला. मग बराच वेळ खोकला. मग म्हणाला, "रसूल, माझं बी दोन पावसाळं असंच मनानं लिवलेलं हाईत रं. कुनाला सांगायचं असतं ते?"

म्हटलं, ये. खोरं घेऊनच ये.